चकतीवरचे स्वस्तिक

औंढ्याच्या नागनाथा, तुला वंदन करून ही अक्षरे लिहावयास घेतो. गावोगावी टपाल वाटणारा माझा विद्यार्थी देवसिंग तुझ्या चरणी रुजू होऊन आज बारा दिवस झाले. त्याच्याशी काही बोलावयाचे राहिले आहे. ते बोलून होईपर्यंत माझी वाणी ढळू देऊ नकोस.

देवसिंग, उद्या तुझा तेरावा. जेवणे आटोपली की लिंबाखाली उभी असलेली तुझी सायकल धुऊन पुसून माझ्यापुढे आणतील. तुझ्या पत्नीने, शेवंताने, काल निरोप धाडला: "गुरुजीला म्हनाव, दसऱ्याला केली तशीच पूजा करा. सोमवारपासून सविता नेनार हाय." तुझी लेक खालच्या गावातील उपकेंद्रात परिचारिका म्हणून रुजू होते आहे. तिचा रस्ता तुझाच. तांड्यावरून सिद्धेश्वरच्या धरणाकडे उतरणारा, मध्ये आंधळे वळण, वळणाशी कठडा नसलेला छोटा पूल. तेथेच तू पडलास.

दसऱ्याला केली तशीच. या तीन शब्दांनी कालपासून माझी संध्या चुकते आहे. आचमन कितवे, हेही आठवत नाही.

यंदा तुझ्या तांड्यावर दिवाळी झाली नाही. मुली दिवे घेऊन दारोदार ओवाळणीचा मेरा करावयास निघाल्या, तुझ्या दारापर्यंत आल्या आणि गाणे तोंडातच ठेवून परतल्या. त्या वेळी मी तुझ्या ओसरीवर बसलो होतो. सायकल समोरच होती. तिचे पुढचे चाक वाकडे झाले होते ते सायकलवाल्या रफीकने सरळ करून दिले होते, आणि त्या चाकाच्या मधोमध ती वाटोळी, भोकाभोकांची चकती दिव्यांच्या उजेडात चमकत होती. मला तिच्याकडे पाहवेना. का पाहवत नाही, हे मात्र तेव्हा मला माहीत नव्हते. मन कधी कधी बुद्धीच्या आधी चालते.

तू माझ्या वर्गात आलास तेव्हा संस्कृत घेणारा तांड्यावरचा तू पहिला. शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली. मी तुला विचारले, काहून घेतलेस? (तुझा 'काहून' तेव्हाच माझ्या तोंडी बसला.) तू म्हणालास, "म्हनायला गोड लागतं गुरुजी." तुझ्याच नावाचे रूप चालविताना एकवचन, द्विवचन, बहुवचन झाले, वर्ग हसला आणि तू शांतपणे म्हणालास, "आमच्या घरी एकच देव हाय. दोन अन् लई कुठून आनू?" त्या दिवशी मी मारायला उचललेली छडी खाली ठेवली. नंतर तू टपालखात्यात लागलास, तुझे केस पिकले, तुला नाती-गोती, साखर, चष्मा सगळे लागले. तरी लग्नाच्या स्थळापासून बोअरच्या जागेपर्यंत प्रत्येक गोष्ट तू मला विचारत राहिलास.

म्हणून उन्हाळ्यात तू दाराशी येऊन म्हणालास, "गुरुजी, चला हिंगोलीला, ब्रेक निवडायचे हायेत," तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. डॉक्टरांनी तुला अंग हलवावयास सांगितले होते. वाडीकडे जाणाऱ्या दगडी वाटेवर मोटारसायकल आडवी होई. डोंगरात चालणारी, जाड चाकांची, गिअरची सायकल तू पसंत करून ठेवली होतीस. प्रश्न ती थांबवावयाची कशी, एवढाच होता.

रफीकच्या दुकानात आपण दोघे बाकावर बसलो आणि त्याने आपल्यापुढे तीन चाके ठेवली. मला ते दृश्य अजून यज्ञातील तीन कुंडांसारखे दिसते.

"हे रबरवाले, चाकाच्या कडेला धरतात," तो म्हणाला. "पावसात कडा भिजली का फिसलतात. तुमच्या उताराला नको. हे ऑईलचे डिस्क. एक बोट लावा, थांबली. चकतीला धरनारे पॅड घासले तरी आपोआप पुढं सरकतात. लई दिवस बघायची जरूरत नाही. पन एकदा आत हवा शिरली का..."

"का काय?" तू विचारलेस.

"का नांदेड. इथं त्याचं सामान नाही कोनाकडं."

"अन् हे तिसरे?"

"हे वायरवाले डिस्क. चकती तीच, पन खेचायला वायर. वायर ढिली पडते, आठवड्याला पेच फिरवावा लागतो. तुटली तर औंढ्यात मिळते, पुसेगावात मिळते, कुठंबी मिळते."

तुझे मन ऑईलच्या ब्रेककडे होते. साखरेने तुझी बोटे बधिर होत. "दाबलं का न्हाई तेच कळत न्हाई कधी कधी," असे तू हळूच म्हणालास, जणू ती तुझी चूकच होती. मी मात्र वायरची बाजू घेतली. मी म्हटले, देवसिंग, नित्यकर्म आणि नैमित्तिक कर्म यांत नित्यच बरे. जे रोज थोडे मागते ते माणसाला सवयीत ठेवते. जे वर्षभर काही मागत नाही, ते एखाद्या दिवशी दारात उभे राहून सगळेच मागते.

"तुमी तर शेवंतावानी बोलून राहिले," तू म्हणालास. रफीक तोंड फिरवून हसला.

शेवटी तू त्याला एकच प्रश्न विचारलास, आणि तो माझ्या सगळ्या युक्तिवादापेक्षा नेमका होता: "वाडीच्या चढावर, पावसात, एकट्या मानसाला, एका पान्यानं नीट करता येतील असे कोन्ते?" रफीकने वायरच्या डिस्कवर हात ठेवला. त्यातही चकतीला दोन्ही अंगांनी सारखे दाबणारे निवडून दिले, म्हणजे पॅड एकाच बाजूने झिजत नाहीत. परतताना एसटीत मी थोडा फुशारलो असेन. तू खिडकीबाहेर पाहत म्हणालास, "जिंकले न्हाई तुमी. बोटं पुरी गेली का परत भांडू." ते भांडण आता कोणाशी करू?

दुकानातून निघताना रफीकने एक गोष्ट बजावली होती. पायरीवर उभा राहून तो दोघांनाही म्हणाला, "पानी लागू द्या, चिखल लागू द्या, धुतलं का झालं. पन या चकतीला तेलाचा हात नको. तेल पॅडमध्ये मुरलं का ब्रेक मेला. दिसनार नाही, पन मेला." तू मान हलवलीस. मीही हलवली. मी ते ऐकले होते, देवसिंग. ऐकलेच नव्हते, असे म्हणण्याची सोय देवाने मला ठेवलेली नाही.

खंडेनवमीला दरवर्षीप्रमाणे तांड्यावर मला बोलावणे आले. विळे, कुऱ्हाडी, पाभर, फवारणीचा पंप, मोटारसायकली ओळीने मांडल्या होत्या आणि त्यांच्या टोकाला तुझी नवी सायकल. तू झेंडूची फुले आणावयास गेला होतास. शेवंताने ताट आणले. त्यात कुंकू कालवण्यासाठी तेलाची वाटी होती. मला रफीकचे शब्द आठवले आणि मी मोठ्या अधिकाराने ती वाटी बाजूला सारली. "तेल नको. चकतीला तेल वर्ज्य आहे." बायका एकमेकींकडे कौतुकाने पाहू लागल्या. मग मी माझ्या पूजेच्या पेटीतून गाईच्या तुपाचा डबा काढला. तुपात कुंकू कालवले. ती वाटोळी, तेजस्वी, फिरणारी चकती मला त्या यंत्राचे हृदयच वाटली. पुढच्या चकतीवर स्वस्तिक काढले. मागच्या चकतीवर काढले. पॅडच्या फटीपर्यंत बोट नेऊन रेषा पूर्ण केली, कारण अपुरे स्वस्तिक मला सहन होत नाही.

तेल आणि तूप यांत मी आयुष्यभर केवढे अंतर मानीत आलो. एकाने समई लावली, दुसऱ्याने निरांजन. एक बाजारातून आणले, दुसरे होमात अर्पण केले. तुपाने काही बिघडेल, ही शंका माझ्या मनाला शिवलीही नाही. लोखंडाला सोवळेओवळे नसते, हे एवढे साधे ज्ञान मला सत्तरी उलटूनही नव्हते.

तू माळा घेऊन आलास. चकतीकडे पाहिलेस. मग माझ्याकडे पाहिलेस. आणि वाकून माझ्या पायांवर डोके ठेवलेस.

तिसऱ्या दिवशी तुझी सायकल माझ्या घरावरून उतरली तेव्हा ती ओरडत होती. लांबट, चिरकी किंकाळी. रात्री माळावरून टिटवी जाते तशी. मी तुळशीपाशी होतो. तुला हाक मारली आणि विचारले, हा कसला आवाज?

"काही न्हाई गुरुजी. नवी हाय, बोलून राहिली."

मला तो अपशकुन वाटला. मी नागनाथाचा अंगारा आणून तुझ्या कपाळी लावला आणि म्हटले, थोडा सायकलीलाही लाव. तू हसलास. "तिला लई झालं गुरुजी," म्हणालास आणि सायकल हातात धरून पायी उतार उतरू लागलास. तुझ्या हसण्याचा अर्थ मला कळला नाही. तू पायी का चाललास, हेही मी विचारले नाही. मला वाटले, माझ्यापुढे सायकलीवर बसणे तुला मर्यादेचे वाटत नसावे.

पुढच्या आठवड्यात तू पडलास. नांदेडच्या दवाखान्यात तीन दिवस डोळे मिटून होतास. मी बाहेरच्या बाकावर जप करीत बसलो आणि कोणत्या ग्रहाची शांत राहिली, याचा विचार करीत राहिलो. तांडा म्हणाला, रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली. मीही तेच म्हटले.

दशक्रियेला रफीक आला. सगळे पांगल्यावर त्याने मला बाजूला घेतले. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेले नवे पॅड होते.

"गुरुजी, बोलू का नको, चार दिवस झाले नींद नाही."

"बोल."

"हे देवसिंगभाऊंनी मागवले होते. पुन्याहून यायला आठवडा लागला. चकतीला तूप लागलं होतं. त्यांनी स्पिरिटनं पुसली, पॅड घासून बघितले. मीबी घासले. पन आत मुरलेलं निघत नाही. मी बोललो, पॅड येईपर्यंत उतारावर बसू नका. ते हातात धरूनच उतरायचे."

"मग त्या दिवशी?"

"वाडीवरच्या एका पोरीचं नोकरीचं पत्र होतं. मुदत दोन दिवसांची. ते देऊन परत येत होते. चारला टपालाची थैली निघते ना, सहीची पावती त्यात जायला पायजे. लेट झाला असंल, म्हनून बसले असतील."

मी विचारले, मला का सांगितले नाहीस? तो जमिनीकडे पाहू लागला. "त्यांनी मना केलं होतं. बोलले, गुरुजीला कळू देऊ नको. पुढच्या पूजेला त्यांचा हात कापंल."

माझा हात कापू नये म्हणून, देवसिंग!

रफीक भला माणूस आहे. त्याने तेव्हाच पॅड बदलले, चकत्या पुसल्या आणि निघताना म्हणाला, "आता सायकल एकदम बराबर हाय. कोनाला काही कळायची गरज नाही. रोही आडवी आली, बस." म्हणजे सविता सुरक्षित आहे. माझे नाव सुरक्षित आहे. उद्या मी एवढेच म्हणावे की आज चकतीला हात लावण्याचा योग नाही, कुंकू हँडलला लावा. काम झाले.

पण परवा मी तुझ्या घरी बसलो असता शेवंता शेजारणीला सांगत होती, "गुरुजींनी सांगितलंय, गाडीच्या चकतीला तेल न्हाई लावायचं, तूप लावायचं." शेजारीण म्हणाली, व्हय, आमच्या पोरानं दसऱ्यालाच लावलंय. तुझ्या तांड्यावर डिस्कच्या चार मोटारसायकली आहेत. चारही त्याच उतारावरून जातात. माझे अज्ञान आता प्रथा होऊ लागले आहे. आणि प्रथा झालेले अज्ञान माझ्या मागेही चालत राहील, दर दसऱ्याला ताजे तूप घेऊन.

मला तुझा राग येतो आहे. मेलेल्या माणसावर रागवावे की नाही, याची आज्ञा मी कोठेही वाचलेली नाही, म्हणून रागावतो. तुझ्या एका वाक्याने हे टळले असते. "गुरुजी, तूप काढा." तीन शब्द. तू ते का गिळलेस, हे मला ठाऊक आहे आणि म्हणूनच राग अधिक येतो. गुरूचे वैगुण्य शिष्याने झाकावे, असे मीच तुम्हाला वर्गात सांगत असे. चाळीस मुलांतील एकोणचाळीस ते विसरली. तू पाळलेस. मला काय शिकवावयाचे होते आणि मी काय शिकवून बसलो! झाकलेले वैगुण्य वाढत जाते, मुरते, आणि उताराच्या वळणावर हाताला ब्रेक लागतो पण चाकाला लागत नाही.

उद्या बोलेन की नाही, मला अजून माहीत नाही. तांड्याने मला पन्नास वर्षे पायांवर डोके ठेवून वागविले आहे. शेवंताच्या डोळ्यांत पाहून ते वाक्य उच्चारण्याचे बळ या देहात आहे का, हे नागनाथच जाणे.

येथे लेखणी थांबली होती. आज चार दिवसांनी पुढे लिहितो.

तेराव्याला जेवणे झाली. सायकल आणली. शेवंताने ताट पुढे केले. कुंकू, अक्षता, फुले आणि वाटी. "बघा," ती म्हणाली, "तेल आनलंच न्हाई. घरचं तूप हाय." भोवती सगळा तांडा उभा होता. तिने वाटी माझ्या हातापर्यंत आणली, आणि मी बोललो. सगळे बोललो. रफीकने काय बजावले, मी काय लावले, तू काय पाहिलेस, उतारावर पायी का चालत होतास. स्वर चढू दिला नाही, विशेषणे वापरली नाहीत. घडले ते क्रमाने सांगितले.

तांड्याचे वृद्ध नाईक पुढे झाले. "गुरुजी, काहून अंगावर घेऊन राहिले? रोही व्हती. म्या खुरं पाह्यले."

"नाईक, खुरे असतील," मी म्हटले. "पण सायकल थांबली असती तर रोही निघून गेली असती."

शेवंताने माझ्याकडे पाहिले. तिने फक्त दोन प्रश्न विचारले.

"त्यांना माहीत व्हतं?"

"हो. पाहताक्षणीच."

"अन् तरी तुमच्या पाया पडले?"

"हो."

तिने माझ्यापुढची तुपाची वाटी उचलली आणि ती घरात गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

सविता उकिडवी बसली. तिने पदराने नव्हे, स्वच्छ कोरड्या फडक्याने दोन्ही चकत्या पुन्हा पुसल्या. "मंग कुंकू कुठं लावावं गुरुजी?" तिने विचारले. तिच्या आवाजात क्षमा नव्हती आणि रागही नव्हता. कामावर निघालेल्या माणसाचा आवाज होता. मी म्हटले, हँडलला, कोरडे. आणि तूच लाव, बाळ. तिने लावले.

तेवढ्यात मागे हालचाल झाली. मोटारसायकलवाली मुले एकेक करून तेथून निघाली होती आणि आपापल्या गाडीच्या चाकाशी वाकून पाहत होती. एकाने चकतीवर बोट फिरवून नाकाशी नेले. "येऊन राहिला," तो म्हणाला, "तुपाचाच वास हाय." दुसऱ्याने आपली गाडी चालू केली होती, त्याने ती बंद केली आणि खाली उतरला. चौघांनीही गाड्या ढकलत, पायी, तो उतार उतरला. खालून एका टेम्पोत घालून त्या रफीककडे गेल्या. चारांपैकी तीन गाड्यांचे पॅड आतपर्यंत मुरलेले निघाले. त्यांतील एका गाडीवरून रोज दोन लेकरे शाळेत जात असत.

सोमवारी सविता गेली आणि आली. मंगळवारी गेली आणि आली. शेवंता माझ्याशी बोललेली नाही. तिने बोलावे, अशी प्रार्थना मी करीत नाही. न बोलणे हा तिचा अधिकार आहे आणि तो मोठा आहे. तू मात्र ऐक. तुझ्यामुळे मला एक विद्यार्थी असा लाभला, की ज्याने माझ्यावर माझ्या योग्यतेपेक्षा अधिक प्रेम केले. त्याचे ऋण मानतो. त्या प्रेमाने तुला गप्प केले, हे मात्र मान्य करीत नाही. हा आपला वाद राहू दे. जेथे तू आहेस तेथे मी येईन तेव्हा पुढे चालवू, आणि तेव्हा तू माझ्यापुढे मान खाली घालावयाची नाही.

हे वाचणाऱ्या सज्जना, हे वाचणाऱ्या माउली, नागनाथाची कृपा तुमच्या उंबरठ्यावर राहो. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना त्यांची चूक तोंडावर सांगणारे एक तरी माणूस त्या घरात नांदो, आणि ते वेळेत ऐकून घेण्याची बुद्धी त्या वडीलधाऱ्यांना होवो. सकाळी तुमच्या दारातून उतारावर निघालेले प्रत्येक जण दिवेलागणीपूर्वी त्याच दारात उभे राहो.